ग्रेट डेनचं पिल्लू घरी येतंय, अमळनेर, उन्हाळा तोंडावर आहे, तयारी काय काय करू?

बोरीकाठचा (२६ जानेवारी)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं घरात हा विषय चालू होता, शेवटी यंदा सगळ्यांचा होकार आला. ग्रेट डेनचं पिल्लू ठरवलंय, नर, राखाडी रंगाचा. घर अमळनेरला, गावाच्या कडेला, पुढे अंगण, ओटा, आणि शेत तीन किलोमीटरवर, कापूस आणि मका. घरात आम्ही सहा जण, आप्पा, मोठी आई म्हणजे माझी आजी, मी, बायको आणि दोन पोरं, एक सात वर्षांचं एक चार. लहानपणी गावठी कुत्रा होता पण तो आपला आपण वाढला, त्याला काही करावं लागलं नाही, हे पिल्लू तसं नाही एवढं कळतंय म्हणून आधीच विचारतोय.

आत्ता अडचण अशी की ज्यांच्याकडून घेतोय ते म्हणतात पिल्लू ३७ दिवसांचं झालंय, आजच घेऊन जा, लहान असताना नेलं की लवकर लळा लागतो. माझं मन होत नाहीये. आणि दुसरं, आप्पांना वाटतं हा मोठा झाला की शेतात बांधू, रात्री रानडुकरं मक्यात घुसतात त्यांना हाकलेल. तुमचं मत सांगा, खुल्या मनाने सांगा.

अमळनेरची लेक (२६ जानेवारी)

अरे वा, माझ्या माहेरचा माणूस. भाऊ आज आणू नका, एवढंच सांगते, बाकीचे सविस्तर सांगतील.

गुरांचा डॉक्टर (२६ जानेवारी)

मी शिरपूरकडे असतो, कामाचा मोठा भाग गायी-म्हशी, पण कुत्री पण येतात आणि मोठ्या जातीची पिल्लं आता आपल्या भागात बरीच दिसायला लागलीत म्हणून मनापासून लिहितो.

३७ दिवसांचं पिल्लू अजिबात आणू नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा केंद्राचा नियमच आहे, २०१७ चा, कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केलेला. पण नियम बाजूला ठेवा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून एक गोष्ट शिकतं, चावायचं किती. जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ सोडून जातं, आई गुरगुरते. हे शिकणं माणसाला तितकं चांगलं देता येत नाही. गावठी पिल्लू हे न शिकता आलं तर ओरखडे येतील, तुमचं डेन सहा महिन्यांत तुमच्या चार वर्षांच्या पोरापेक्षा दुप्पट वजनाचं होणार आहे, त्याला हे यायलाच हवं. लळा आठ आठवड्यांनी आणलं तरी तेवढाच लागतो.

तिथे परत गेलात तर आईला बघा. पिल्लू बघून काही कळत नाही, सगळी पिल्लं गोड असतात. आई माणसांजवळ येते का, चालताना मागचे पाय डुलतात का, उठताना त्रास होतो का. खुब्याच्या सांध्याचा दोष मोठ्या जातींत आई-बापाकडून येतो. आई दाखवत नसतील तर मी तिथून पिल्लू घेणार नाही.

तापीपारचा केळीवाला (२७ जानेवारी)

रावेरहून लिहितोय. डॉक्टर साहेबांनी बरोबर सांगितलं. मी शेतातल्या मुद्द्यावर बोलतो कारण माझं शेत सातपुड्याच्या पायथ्याला आहे आणि रानडुक्कर काय असतं ते मी रोज बघतो.

आप्पांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. ही जात मूळची रानडुकराच्या शिकारीचीच. नावात डेन असलं तरी डेन्मार्कची नाही, जर्मनीची, तिकडे तिला डॉइचे डॉगे म्हणतात. पण त्या काळी पाच-सहा कुत्री एकदम सोडायचे आणि मागे भाले घेऊन माणसं असायची. आजचं डेन शंभर-दीडशे वर्षं घरात राहायला पैदा केलेलं आहे. एकट्याला साखळीने बांधून ठेवलं आणि डुक्कर आलं तर सुळ्याने पोट फाडून जाईल, साखळीला बांधलेल्याला पळता पण येत नाही. आमच्याकडे तर बिबट्या पण येतो. आणि एकटं पडलं की हे कुत्रं मनाने खचतं, रात्रभर रडतं, माणूस लागतो त्याला, माणसाच्या पायावर टेकून बसणारी जात आहे ही. डुकरासाठी झटका मशीन लावा, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारं, आणि कुत्रा घरात ठेवा.

बोरीकाठचा (२९ जानेवारी)

सगळ्यांचे खूप आभार. वाचून दाखवलं आप्पांना. ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी झटका मशीनची चौकशी करायला गेले होते एवढं सांगतो.

त्यांना फोन केला, आठ आठवडे झाल्यावर येतो म्हटलं, थोडे नाराज झाले, अॅडव्हान्स वाढवून मागितला, दिला. काल जाऊन आईला बघून पण आलो. शांत आहे, मोठी पोटाशी येईल एवढी, माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. आता खाण्याचं सांगा, तिथे मला एक पावडर आणि एक सिरप घेऊन ठेवा म्हणून सांगितलंय, हाडं मजबूत व्हायला, कॅल्शियमचं.

तापीपारचा केळीवाला (२९ जानेवारी)

भाऊ थांब. घेऊ नको. पूर्ण वाच.

२०१६ ला मी जर्मन शेफर्ड आणला होता, दोन महिन्यांचा, नाव वाघ्या. मला पण दुकानात हेच सांगितलं. मोठी जात, मोठं हाड, मग कॅल्शियम जास्त लागणार, हे ऐकायला इतकं पटतं की कोणी प्रश्नच विचारत नाही. मी रोज दोन चमचे पावडर, वर सिरप, वर दूध, वर दोन अंडी. चौथ्या महिन्यात तो इतका भरलेला दिसायचा की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे आणि मला अभिमान वाटायचा. मग पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळायला लागले. मनगटाचा सांधा सुजला, हात लावला की ओरडायचा. सकाळी उठायला बघायचा आणि पुन्हा बसायचा, माझ्याकडे बघत राहायचा. मी घाबरून डोस वाढवला, म्हटलं हाड कमकुवत आहे. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पावडर चालू आहे का. त्या दिवशी बंद केली. बरा झाला, पण पुढचा उजवा पाय जन्मभर वाकडाच राहिला. मागच्या वर्षी गेला तो. त्याच्या त्या पायाकडे बघून मला नऊ वर्षं वाईट वाटत राहिलं, म्हणून लिहितोय.

भुसावळ जंक्शन (३० जानेवारी)

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. रेल्वे क्वार्टरमध्ये तीन लॅब, म्हणजे लॅब्रेडोर, वाढवले, तिघांना कॅल्शियम दिलं, तिघे ठणठणीत. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही.

गुरांचा डॉक्टर (३० जानेवारी)

भुसावळकर काका, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तुमची लॅब तीस-बत्तीस किलोची आणि हे साठ-सत्तर किलोचं जनावर. फरक का पडतो ते सांगतो.

मोठ्या कुत्र्याच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येतं. पिल्लाला पाच-सहा महिन्यांपर्यंत ते नीट जमत नाही, पोटात गेलं की त्यातलं बरंचसं रक्तात शिरतं, लागत असो नसो. हाडाच्या टोकाला कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांब होतं. रक्तात कॅल्शियम जास्त झालं की त्या कूर्चेचं हाड होण्याचा क्रम बिघडतो, कूर्चा जाड राहते, तिला तडा जातो, एका बाजूने हाड वाढतं दुसऱ्या बाजूने अडतं, म्हणून पाय वाकतो. लहान जातीच्या पिल्लाचं हाड फार वाढायचंच नसतं म्हणून त्याला निभतं. डेन जन्मतो तेव्हा अर्धा-पाऊण किलोचा आणि वर्षभरात पन्नास-साठ किलोच्या घरात. इतक्या वेगात थोडी चूक पण मोठी होते.

म्हणून अमेरिकेत पिल्लांच्या खाद्याचं जे मानक आहे त्यात पूर्ण वाढीला ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातींसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा वेगळी ठेवलीय, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के, बाकीच्यांना २.५ चालतं. तुम्ही पिशवी घेताना साधं पपी फूड घेऊ नका, लार्ज किंवा जायंट ब्रीड पपी असं लिहिलेलं बघून घ्या, त्यात कॅल्शियम मोजूनच घातलेलं असतं. त्यावर वरून काही नाही. पावडर नाही, सिरप नाही.

आणि गुबगुबीत करू नका. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कमर दिसली पाहिजे. लोक म्हणतील खायला देत नाही का, म्हणू द्या. बारीक वाढलेलं पिल्लू तेवढंच उंच होतं, फक्त सावकाश होतं आणि सांध्यावर भार कमी पडतो.

अमळनेरची लेक (३० जानेवारी)

डॉक्टर, हे इतकं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी सेव्ह करून ठेवलंय.

भुसावळ जंक्शन (३० जानेवारी)

पटलं. तसा विचार केला नव्हता. धन्यवाद डॉक्टर.

बोरीकाठचा (१७ फेब्रुवारी)

आला! काल आणला. ५८ दिवसांचा, ८ किलो ४०० ग्रॅम, आमच्या कापूस मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आप्पा त्याला घेऊन उभे राहिले आणि मग आप्पांचं वजन वजा केलं. गाडीत पोरांच्या मध्ये झोपून आला, पारोळ्याला थांबलो तेव्हा एकदा उलटी केली बाकी काही नाही.

मोठ्या आईने ओट्यावरून ओवाळलं त्याला, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि पंजे हातात घेऊन बघत बसली. म्हणाली, "हाऊ कुत्रा शे का वासरू?" आमच्या शेवटच्या बैलजोडीतला सर्जा तिचा फार लाडका होता, ट्रॅक्टर घेतला तेव्हा विकावा लागला, त्यानंतर ती गोठ्याकडे बरेच दिवस गेली नव्हती. तर तिनेच नाव ठेवलं, सर्जा. आम्ही चार नावं काढून ठेवली होती, कोणी काही बोललं नाही.

रात्री दोन वाजता रडायला लागला. मी बाहेर हॉलमध्ये त्याच्याजवळ चटई टाकून झोपलो, हात त्याच्या पोटावर ठेवला की गप्प. हे बिघडवणं तर होत नाही ना?

नंदुरबारची काकू (१७ फेब्रुवारी)

नाही हो बिघडत. आयुष्यात पहिल्यांदा एकटा झोपतोय तो. हात ठेवा, आठवडाभर झोपा जवळ, मग रोज चटई थोडी लांब सरकवा. आईच्या अंगाखालचं फडकं आणलं असेल तर ते अंथरुणात ठेवा.

शू-शी साठी एकच जागा ठरवा अंगणात आणि झोपून उठला, खाऊन झालं, खेळून झालं की लगेच तिथे न्या, केलं की त्याच क्षणी कौतुक. घरात झाली तर ओरडू नका, त्याला कळत नाही कशाबद्दल, तो फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतो.

बोरीकाठचा (२ मार्च)

एक गोष्ट बघितली आणि काळजात धस्स झालं म्हणून लिहितो. आमच्या हॉलमध्ये त्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. पोरं शाळेतून आली की सर्जा धावतो, नखं वाजतात टकटक टकटक, वळायला जातो आणि मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात, बेडकासारखा पोटावर पडतो. पोरांना गंमत वाटते, तो पण उठून पुन्हा धावतो. पण काल मी खाली बसून त्याच्या उंचीवरून बघितलं, उठताना मागचे पाय थरथरत होते.

गुरांचा डॉक्टर (२ मार्च)

बरं झालं बघितलंत. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा, आणि या वयात वाटी अजून घडतेय, गोळा जसा बसेल तशी ती घडते. रोज दहा वेळा पाय फाकला तर वाटी उथळ घडू शकते. आई-बापाचा दोष नसला तरी घसरट फरशी नुकसान करू शकते. जिथे जिथे तो चालतो तिथे काहीतरी अंथरा, आजच.

जिना चढ-उतार नको, सोफ्यावरून उडी नको, गाडीतून उडी मारू देऊ नका, उचलून उतरवा. आणि दोरी लावून पळवायला नेऊ नका. मातीच्या अंगणात तो स्वतः खेळेल तेवढं खेळू द्या, दमला की स्वतः झोपतो, त्याला कोणी उठवायचं नाही हे पोरांना सांगा. डेनच्या हाडांच्या पट्ट्या बंद व्हायला दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. उंची बघून लोक म्हणतील आता मोठा झाला, पळव त्याला. मोठा झालेला नसतो.

बोरीकाठचा (५ मार्च)

झालं काम आणि कसं झालं ते सांगायलाच पाहिजे. बाजारातून मॅट आणायचा विचार होता, एवढ्या मोठ्या हॉलला खर्च बराच येत होता. मोठी आई म्हणाली गोठ्यात बारदान पडलंय त्याचं काय करताय. तर ३०-३५ पोती काढली, झटकली, उन्हात टाकली, आणि दोन दिवस ती ओट्यावर बसून दाभण आणि सुतळीने एकाला एक शिवत होती, ७८ वय आहे तिचं. दाराच्या उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांब पट्टा आणि हॉलच्या मध्ये एक चौकोन. खाली कडेने दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावलीय म्हणजे सरकत नाही. सर्जा आल्यापासून पहिल्यांदा न घसरता वळला. आता तो आपणहून पट्ट्यावरूनच चालतो, टाइल्सवर पाऊल ठेवत नाही.

फक्त एकच, चावायचा प्रयत्न करतो सुतळी. तिने शिवणीची बाजू खाली केलीय.

तापीपारचा केळीवाला (५ मार्च)

मोठ्या आईंना साष्टांग नमस्कार. सुतळी गिळत नाही ना तेवढं बघत राहा, आतड्यात अडकते.

धुळ्याचा पण पुण्यात (६ मार्च)

फारच छान वाटलं वाचून. एक विचारू, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही म्हणतात, मग तो घाबरट नाही का होणार? आमच्या पुण्यातल्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचं तेच झालं, चार महिने घरात कोंडला आणि आता बुलेटच्या आवाजाने सोफ्याखाली जातो.

गुरांचा डॉक्टर (७ मार्च)

महत्त्वाचा प्रश्न. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीचा, विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, गावात लस न झालेली कुत्री भरपूर, म्हणून रस्त्यावरच्या मातीत पाय ठेवू देऊ नका. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. शेवटचा डोस महत्त्वाचा का, तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस निकामी करू शकते आणि ती कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग वर्षाने, ती चुकवायची नाही, घरात लहान पोरं आहेत. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

पण साधारण तीन ते चौदा आठवडे याच काळात जग कसं आहे हे पिल्लाच्या मनात ठरतं. म्हणून बाहेर न्यायचं, जमिनीवर सोडायचं नाही. मांडीवर घेऊन ओट्यावर बसा, रस्ता बघू द्या. गाडीत बसवून बसस्टँडजवळ दहा मिनिटं थांबा. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, टोपीवाला माणूस, काठीवाला म्हातारा, बुरखा घातलेली बाई, लग्नाचा बँड लांबून. काही नवीन दिसलं की तोंडात एक दाणा खाऊ. एवढं मोठं कुत्रं घाबरून अंगावर आलं तर आवरणार कोण, म्हणून हे लसीइतकंच गरजेचं.

बोरीकाठचा (२५ मार्च)

करतोय हे. आप्पा रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात, आता मांडीत मावत नाही, पुढचा भाग मांडीवर आणि मागचा ओट्यावर असतो. येणारा-जाणारा थांबतो. आप्पा गेल्या चार वर्षांत, आई गेल्यापासून, एवढे लोकांशी बोललेले मी बघितले नव्हते.

मोठ्या आईचा मात्र एक मुद्दा राहिलाच. तिला वाटतं आपण पोराला उपाशी ठेवतोय. लपून दूध-भाकरी दिली, दोन दिवस हगवण. मी चिडलो नाही पण समजावायचं कसं, तिच्यासाठी खायला घालणं म्हणजेच माया आहे.

नंदुरबारची काकू (२५ मार्च)

भाऊ, तिच्याकडून खाणं काढून घेऊ नका, खाणं तिच्याच हातात द्या. दिवसाचं मोजलेलं खाद्य सकाळीच एका डब्यात काढून तिच्याकडे ठेवा, तिन्ही वेळा तीच घालेल. माझ्या सासूबाईंचं असंच केलं, महिन्याभरात इतर कोणी घातलेलं त्यांना चालेना. भाकरीचा हट्ट असेल तर कळण्याच्या भाकरीचा बोटाएवढा कोरडा तुकडा चालतो, दुधात नाही, दुधातली साखर या वयात पचत नाही. दोन चमचे ताक दिलं तर बाधत नाही. पण ठेचा लागलेला हात, भरताचं वांगं, रश्श्याची भाकरी अजिबात नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुका पण नाही, मूत्रपिंड जातं. आणि शिजवलेलं हाड नाही, त्याचे भाले होतात.

गुरांचा डॉक्टर (२६ मार्च)

काकूंनी माझं काम केलं. यात एकच भर. डेनच्या बाबतीत पोट फुगून पीळ पडणं हा सगळ्यात मोठा धोका, सगळ्या जातींत याच जातीला सर्वात जास्त. वाढल्यावर पण दिवसाचं खाणं एकदम देऊ नका, दोन-तीनदा द्या, खाऊन झाल्यावर तासभर उड्या-धावपळ नको. भांडं उंच स्टँडवर ठेवा असं काही जण सांगतात, पण अभ्यासात उलट उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला होता, खालीच ठेवा. पोट ढोलासारखं ताणलं, ओकारी काढतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तासांचा खेळ असतो. रात्री कोण डॉक्टर ऑपरेशन करतात, जळगाव की धुळे, त्यांचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

बोरीकाठचा (२१ एप्रिल)

चार महिने पूर्ण. २४ किलो. तिसरी लस झाली, रेबीज झाली. डबा मोठ्या आईकडे गेला आणि त्या दिवसापासून पोट बिघडलेलं नाही, काकू तुमचे उपकार. ती त्याच्यासमोर दाणे मोजत बसते आणि तो समोर बसून वाट बघतो, तिने "घे" म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही, हे तिला कोणी शिकवलं नाही, तिने त्याला शिकवलं.

गोचीड सापडले तीन, कानात. शेजारी म्हशी आहेत. शेजारचे मामा म्हणतात म्हशीला गोचिडासाठी लावायचं औषध पाण्यात टाकून पुसून घे. करू का? आणि ऊन आता ४३ च्या पुढे गेलंय, दुपारी जिभेला अंत नाही त्याच्या.

गुरांचा डॉक्टर (२१ एप्रिल)

मामांचं औषध नको. गुरांच्या गोचिडाचं औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला पुसलं आणि झटके आले अशी पिल्लं मी टेबलवर घेतली आहेत. वजनावर मोजून देतात ती कुत्र्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या, डॉक्टरांकडून. ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर लगेच रक्त तपासा, गोचीड ताप आपल्याकडे भरपूर आहे. कापसाच्या फवारणीच्या बाटल्या, उंदराच्या गोळ्या, औषध लावलेलं बियाणं हे सगळं कुलपात, उंचावर नाही, कुलपात. हा मागच्या पायांवर उभा राहिला की उंचावर काही उरत नाही.

उन्हाचं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापेवरच सगळं. आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी म्हणून कूलर छान काम करतो आणि धाप पण काम करते. खरी परीक्षा जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी दमट उकाडा होतो तेव्हा पारा उतरलेला असतो, आपण बेफिकीर होतो, आणि नेमकी तेव्हा धाप कामी येत नाही. फिरणं पहाटे साडेपाच आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसलं तरच त्याला. डोळे फिरले, हिरड्या लालभडक, चालताना झोकांडी, तर आधी गार करा मग गाडीत घाला. नळाचं पाणी अंगावर ओतत राहा आणि पंखा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत वाफ कोंडते.

भुसावळ जंक्शन (२२ एप्रिल)

मी माझ्या लॅबसाठी वापरायचो ते सांगतो. जिथे माठ ठेवता ती जागा, खाली वाळू भरा, दिवसातून दोनदा भिजवा. त्यावर कुत्रं पोट टेकून पडलं की तासभर हलत नाही. पोटाला केस कमी म्हणून गारवा लवकर लागतो.

बोरीकाठचा (२३ मे)

भुसावळकर काका, माठाखालची वाळू म्हणजे आता सर्जाची वाळू. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाहुण्यांच्या पोरी झोक्यासाठी आल्या, पंधरा-वीस जणी, गाणी, गोंधळ, मला धाकधूक होती, आप्पा त्याच्या पट्ट्याला धरून निंबाखाली बसले आणि तो नुसता बघत होता. एक चार वर्षांची पोर येऊन त्याच्या कानात काहीतरी सांगून गेली. तो हलला नाही.

पाच महिने झाले, ३३ किलो. परवा गावातले एक जण म्हणाले बारीक दिसतो, काही पावडर देत नाही का. मी काही बोलायच्या आत मोठ्या आईने उत्तर दिलं, अहिराणीत, भरपूर मोठं उत्तर, कूर्चा हा शब्द तिला आठवला नाही म्हणून तिने बाभळीच्या रोपाला काठी जास्त आवळून बांधली तर रोप कसं वाकतं ते सांगितलं.

शेवटचं विचारतो. नसबंदी कधी करायची? इथे सांगतात सहा महिन्यांना करून टाका.

गुरांचा डॉक्टर (२३ मे)

या जातीत सहा महिन्यांना नको. हाडाच्या पट्ट्या बंद करण्यात त्याच हार्मोन्सचा हात असतो, ती लवकर काढली तर हाडं जरा जास्त लांबत राहतात आणि सांध्यांचे त्रास वाढतात. वाढ पूर्ण होऊ द्या, दीड ते दोन वर्षांच्या आसपास एक्स-रे बघून ठरवू. त्याच भूल देण्यात जठर पोटाच्या भिंतीला आतून टाके घालून बसवून घेता येतं, म्हणजे पुढे पीळ पडायचा धोका खूप कमी होतो. जळगाव-धुळ्यात नाही जमलं तर नाशिक किंवा मुंबई, पण तो विचार आत्तापासून डोक्यात ठेवा.

आणि ते बाभळीच्या रोपाचं मी उद्यापासून माझ्या दवाखान्यात सांगणार आहे, आजींना विचारून ठेवा.

बोरीकाठचा (२४ मे)

विचारलं. म्हणे सांग म्हणावं, पण आधी एकदा येऊन सर्जाला बघून जा.